ट्रिपहून आल्यावर अबोला होतोय? मग परत यायची वेळ आधी ठरवा

यावेळचं पत्र जुळे सोलापूरहून आलंय. खाली नाव नाही, नुसतं "एक वैतागलेली" एवढंच. पत्र मोठं आहे, थोडक्यात सांगते. घरात पाच माणसं. ताई स्वतः, त्यांचे मिस्टर ज्यांना आठवड्यातून एकच सुट्टी, सासूबाई वय ७६ आणि गुडघ्यांचा त्रास, नववीतला मुलगा ज्याला मोबाईल सोडून कुठंच यायचं नसतं, आणि पहिलीतली मुलगी जिला गाडीत अर्धा तास झाला की उलटी होते. दर वर्षी महाबळेश्वरचा प्लॅन होतो आणि दर वर्षी कॅन्सल होतो, कधी सुट्टी नाही, कधी पैसे नाहीत. मग त्याच्या बदली म्हणून मे महिन्यात एका रविवारी अक्कलकोट, गाणगापूर आणि येताना नळदुर्ग असा बेत केला. पहाटे सहाला निघायचं ठरलं होतं, निघाले साडेनऊला. मुलीला दोनदा उलटी, गाणगापुरात सासूबाईंना उन्हानं भोवळ, नळदुर्गला पोचेपर्यंत किल्ला बंद व्हायची वेळ, घरी यायला रात्रीचे अकरा, आणि नंतर नवराबायकोत चार दिवस अबोला. ताई विचारतात, "आपल्या सोलापूरच्या आसपास बघण्यासारखं आहे तरी काय? ऊन आणि धूळ. मीच हट्ट करते म्हणून सगळे येतात, तर हट्टच सोडून देऊ का?"

ताई, हट्ट अजिबात सोडू नका. फक्त तो मे महिन्यातला बेत परत करू नका. अहो, ते अंतर एकदा मॅपवर टाकून बघा, सगळं मिळून अडीचशे किलोमीटरच्या वर जातं, आणि तेही बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत, गुडघेदुखीची आजी आणि उलटीवाली पोरगी घेऊन. एसटीचा ड्रायव्हर पण अशी ड्युटी लावली तर डेपोत भांडेल. यात तुमच्या मिस्टरांची चूक नाही, मुलाची नाही आणि तुमची तर नाहीच, बेतच चुकीचा होता.

आपल्याकडं सगळ्यांचं हेच होतं बघा. गाडी काढली की "आलोच आहोत तर" सुरू होतं. अक्कलकोटला आलोच आहोत तर गाणगापूर करू, गाणगापूर झालं तर वाटेत नळदुर्ग पण बघून टाकू, आणि मग तिसऱ्या ठिकाणी कुणाचंच लक्ष नसतं, सगळे फक्त घर कधी येतंय ते बघत असतात. गाडी रोज थोडीच निघते, पेट्रोलचे पैसे वसूल झाले पाहिजेत, असं डोक्यात असतं. पण चाळीस किलोमीटर जाऊन यायला पेट्रोल लागतं पाच-सहा लिटर. त्या दिवशी तुमचं त्याच्या तिप्पट गेलं असेल, वर हॉटेलचं बिल, आणि हातात काय आलं तर अबोला.

माझं सांगणं एकच आहे, निघायची वेळ नंतर ठरवा, आधी परत यायची ठरवा. म्हणजे रविवारी दुपारी साडेबाराला आपण आपल्या घरात जेवायला बसणार हे पक्कं, ते काही झालं तरी हलवायचं नाही. मग मागं हिशोब करायचा. साडेबाराला घरी म्हणजे साडेअकराला तिथून निघायचं, म्हणजे तिथं आठ-साडेआठला पोचायला पाहिजे, म्हणजे सात-सव्वासातला गाडी दारातून हलली पाहिजे. एवढ्यात जे बसेल ते बघायचं, जे बसणार नाही ते पुढच्या महिन्यात. हे मी आळशीपणा म्हणून सांगत नाही, आपल्या गावचं ऊनच असं आहे की फेब्रुवारी संपला की दहाच्या पुढं आणि संध्याकाळी पाचच्या आत बाहेर फिरण्यात काही अर्थ नसतो, आणि सासूबाईंसारख्या वयाच्या माणसाला तर ते धोक्याचंच आहे. आता नोव्हेंबर आहे, पुढचे तीन महिने तुमच्या हातात आहेत, तेवढ्यात सवय लावून घ्या. आणि परतायची वेळ ठरलेली असली की अजून एक गंमत होते, मिस्टरांना माहीत असतं की दुपारची झोप आपली आहे, मुलाला माहीत असतं की संध्याकाळी मित्रांकडं जाता येणार, मग सकाळी कुरकुर निम्मी कमी होते. माणूस जायला कंटाळत नाही हो, आता हे कधी संपणार ते माहीत नसलं की कंटाळतो.

आता दुसरी गोष्ट. तुमच्या पत्रात एक ओळ आहे, तुम्ही ती सहज लिहून पुढं गेलात पण मी तिथंच थांबले. "आदल्या रात्री बारापर्यंत पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि धपाटे करत होते, सकाळी उठून मसालेभात." ताई, साडेनऊ का वाजले ते यात आहे. तुम्ही झोपलात कधी, उठलात कधी, आणि त्यात पाच जणांच्या आंघोळी, मुलीची वेणी, सासूबाईंच्या गोळ्या, हे सगळं एकटीनं, आणि बाकीचे चौघे तयार होऊन सोफ्यावर बसून "चला की लवकर" म्हणत असणार. मग गाडीत बसेपर्यंत तुमचाच पारा चढलेला असतो. तुम्हाला ट्रिप हवी असते ती स्वयंपाकघरातनं सुटका म्हणून आणि त्या दिवशी नेहमीपेक्षा दुप्पट स्वयंपाक करता.

सोलापुरात राहून प्रवासाच्या खाण्याचं टेन्शन घ्यायचं म्हणजे कमाल आहे. कडक भाकरी कशासाठी केलीय आपल्या लोकांनी? बचतगटाच्या बायकांकडं मिळते, दुकानातही मिळते, नीट ठेवली तर कित्येक दिवस काही होत नाही तिला. एक पाकीट कडक भाकरी, डब्यात शेंगाची चटणी, वाटेत दह्याचं एक भांडं विकत घ्यायचं, कांदा हातानं फोडायचा, झालं जेवण. बाजरीची पण मिळते, ज्वारीची पण. लहान मुलीला दह्यात किंवा दुधात मोडून द्या, मऊ होते. सासूबाईंच्या दातांचं काय असा प्रश्न येईल, त्यांनाही तसंच, नाहीतर त्यांच्यापुरती एक मऊ भाकरी सकाळी टाका, पण एकच, सगळ्यांना नाही. आणि साडेबाराला घरीच यायचंय तर बाहेर तसंही नुसता नाश्ता लागतो. घरी आल्यावरचं जेवण मिस्टरांनी पार्सल आणायचं. हे आधीच बोलून ठेवा, आयत्या वेळी सांगितलं तर वाद होतो.

कामं वाटून द्या म्हणजे नक्की काय ते पण सांगते, कारण नुसतं "मदत करा" म्हटलं की कुणी हलत नाही. गाडी मिस्टरांची. म्हणजे शनिवारी संध्याकाळी येतानाच पेट्रोल, चारी टायरची आणि स्टेपनीची हवा, फास्टॅगचा बॅलन्स, रविवारी सकाळी पंपावर रांग लावायची नाही. पाणी मुलाचं, पाच लिटरचा जार आणि प्रत्येकाची बाटली रात्रीच भरून दाराशी. सासूबाईंची पिशवी सासूबाईंनीच भरायची, त्यांना जमतं, आपण उगाच सगळं करून देतो. तुमच्याकडं फक्त मुलगी. आणि आंघोळी आल्यावर करू म्हणा! देवळात जायचं नसेल त्या दिवशी पहाटे थंडीत पाच आंघोळींचा हट्ट कशाला, तोंड धुवायचं, केस विंचरायचे आणि निघायचं. एखादी शेजारीण गॅलरीतून विचारेल, "कुठं जाऊलालाव ओ एवढ्या सकाळी?", तिला हात करायचा आणि गाडीत बसायचं, उभं राहून गप्पा मारायच्या नाहीत, तिथं पंधरा मिनिटं जातात हे तुम्हालाही माहितीय.

मुलीच्या उलटीचं बघू. डोळे मेंदूला सांगतात की आपण बसलोय, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, दोघांचं जुळत नाही म्हणून मळमळतं. म्हणून गाडीत मोबाईलवर कार्टून लावून देणं हे सगळ्यात वाईट, शांत बसते म्हणून आपण देतो आणि त्यानंच उलटी होते. तिला मागच्या सीटवर मधे बसवा, बेल्ट लावून, जिथनं समोरचा रस्ता दिसतो, आणि बाहेर लांब बघायला लावा, झाडं मोजायला सांगा, ट्रकच्या नंबरप्लेटवरनं कुठल्या गावचा ते ओळखायला लावा, काहीही. पोट रिकामं नको आणि तुडुंब पण नको, निघायच्या आधी अर्धी भाकरी किंवा दोन-चार बिस्किटं. काच थोडी खाली. गाडीत जर तो उग्र वासाचा परफ्यूम टांगलेला असेल तर आधी काढून फेका, निम्म्या लोकांना त्यानंच मळमळतं. गोळी द्यायची तर डॉक्टरांना वय आणि वजन सांगून विचारा, मोठ्या माणसाची गोळी अर्धी करून देऊ नका, आणि ती निघायच्या आधी द्यावी लागते, उलटी झाल्यावर देऊन उपयोग नसतो. एक ओला रुमाल, दोन पिशव्या आणि एक जादा फ्रॉक हाताशी ठेवा. डिकीत नाही, हाताशी. आणि मुख्य म्हणजे अंतरच कमी ठेवा, अर्ध्या तासानं त्रास सुरू होत असेल तर पाऊण तासाच्या रस्त्यात एकदा थांबलं की भागतं.

आता तुमचं "ऊन आणि धूळ". यावर मला जरा रागच आला, खोटं का बोलू. पुण्यातली लोकं पहाटे गाडी काढून सोलापूर जिल्ह्याच्या माळावर काळवीट बघायला येतात आणि आपल्याला इथं राहून नान्नज माहीत असतं ते फक्त बार्शीच्या एसटीतनं जाताना बोर्ड वाचलेलं म्हणून. वीस-बावीस किलोमीटर आहे. माळढोकसाठी १९७९ साली अभयारण्य केलंय. आता माळढोक दिसेल अशी आशा ठेवून जाऊ नका, तो पक्षी फार म्हणजे फारच कमी राहिलाय, पण काळविटांचे कळप दिसतात, काळा-पांढरा नर शिंगं वर करून उभा राहतो तो एकदा मुलांनी बघायलाच पाहिजे, आणि थंडीत बाहेरदेशातून भोवत्या येतात, गवतावरून अगदी खालून तरंगत जाणारा शिकारी पक्षी. नशीब असेल तर लांडगा. पण यासाठी सकाळी सातच्या आत तिथं पाहिजे, म्हणजे निघायचं सव्वासहाला. वनखात्याच्या लोकांना विचारून, एंट्री करून, ते सांगतील त्याच वाटेनं जायचं, गाडीतनं उतरून पळत सुटायचं नाही, आणि भडक कपडे नकोत. सासूबाई गाडीतच बसून बघू शकतात, त्यांना एक पाऊल चालावं लागणार नाही. मुलाला एक दुर्बीण मिळवून द्या, विकत नको, कुणाकडनं तरी मागून आणा. दहाला परत.

सासूबाईंसाठी माझी पसंती हत्तरसंग कुडलला. विजापूर रोडनं मंद्रूपच्या पुढं, चाळीस-एक किलोमीटर. भीमा आणि सीना तिथं मिळतात. हरिहरेश्वराच्या देवळात एकाच शिवलिंगावर ३५९ मुखं कोरलेली आहेत, पहिलीतली पोरगी मोजायला बसेल आणि तुमचा अर्धा तास निवांत जाईल. शेजारी संगमेश्वराच्या देवळात शके ९४० म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे, मराठीतल्या सगळ्यात जुन्या तारखेच्या लेखांपैकी. नववीतल्या मुलाला इतिहासाचं पुस्तक नकोसं झालं असेल पण हजार वर्षांपूर्वीची अक्षरं कुणीतरी दगडात खोदलीत आणि ती आपण बोलतो त्याच भाषेतली आहेत, हे समोर उभं राहून बघितलं की जरा वेगळं वाटतं. गर्दी फारशी नसते, झाडाखाली सतरंजी टाकता येते. एक लक्षात ठेवा, मॅपवर नुसतं "कुडल संगम" टाकलं तर ते तुम्हाला कर्नाटकात बागलकोटकडच्या बसवेश्वरांच्या कूडलसंगमला नेऊन सोडेल, तेव्हा हत्तरसंग हे नाव आधी टाका. आणि पावसाळ्यात नद्यांना पाणी असताना मुलांना काठावर सोडू नका, संगम दिसायला शांत असतो.

तसंच माचणूर. मंगळवेढ्याच्या रस्त्याला, हेही चाळीसच्या आसपास. भीमेच्या काठावर सिद्धेश्वराचं देऊळ आणि शेजारी किल्ला. औरंगजेबाची छावणी १६९५ पासून चारेक वर्षं इथं होती, म्हणजे दिल्लीचा बादशहा आपल्या मोहोळ-मंगळवेढ्याच्या उन्हात चार वर्षं बसून होता, आणि आपण म्हणतो इथं काय आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर पुढं मंगळवेढ्याला जाऊन वर्षाची ज्वारी बघून या. तिथल्या मालदांडी ज्वारीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. सासूबाईंना देवळापेक्षा ज्वारीचं पोतं उघडून मूठ भरून बघण्यात जास्त आनंद होईल असा माझा अंदाज आहे, आणि त्या घासाघीस करतील तेव्हा तुम्ही बाजूला चहा घ्या.

अक्कलकोट हवंच असेल तर फक्त अक्कलकोट. गुरुवार आणि पौर्णिमा सोडून, सकाळी सातला दर्शनाच्या रांगेत. तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा, आणि कोजागिरीला तर तो रस्ताच चालत जाणाऱ्यांचा असतो, गाड्या दुसरीकडून वळवतात. पंढरपूरला एकादशी बघून जा, आषाढीच्या आठवड्यात तर वारीला जायचं असेल तरच.

मुलासाठी विजापूर. हे मात्र अर्ध्या दिवसात होणार नाही, शंभर किलोमीटर आहे, दोन महिन्यातनं एकदा पूर्ण दिवसाचं म्हणून ठेवा. गोल घुमट. मोहम्मद आदिलशाहाची कबर, १६५६ साली पूर्ण झालेली, वरचा घुमट बाहेरनं मोजला तर ४४ मीटरच्या आसपास रुंद आणि आत आधाराला एक खांब नाही. वरच्या गॅलरीत भिंतीला तोंड लावून हळू बोललं की पलीकडच्या टोकाला बसलेल्याला स्पष्ट ऐकू येतं. पण हे फक्त सकाळी लवकर, दहाच्या पुढं शाळेच्या सहली येतात आणि शंभर पोरं एकदम ओरडतात, मग काही ऐकू येत नाही, नुसतं डोकं दुखतं. चढायला कोपऱ्यातल्या मिनारातले उंच, अरुंद जिने आहेत, सासूबाईंना ते जमणार नाहीत, त्यांनी खाली बागेत बसायचं. त्यांना कानडी येत असेल, आपल्याकडं बऱ्याच घरात येतं, तर त्या दिवशी रिक्षा, चहा, भाजीचा भाव सगळं त्यांच्याकडं सोपवा, बघा कशा खुलतात. आणि तिथं पण इब्राहिम रोजा, मुलूख मैदान तोफ, जोड गुंबज अशी यादी कुणीतरी काढेल, त्यातलं फारतर एक. मुलीच्या उलटीसाठी विजापूरला रेल्वेनं जाणं जास्त बरं, सोलापूरहून होटगीवरून गाड्या आहेत, रेल्वेत शक्यतो मळमळत नाही, फिरता येतं, टॉयलेट असतं. वेळा बघून जायची आणि यायची दोन्ही तिकिटं आधी काढा. रेल्वेवरनं आठवलं, स्टेशनच्या नावात "रोड" असलं की गाव लांब असतं, अक्कलकोट रोड काय आणि गाणगापूर रोड काय, उतरल्यावर पुढं अजून गाडी करावी लागते, पहिल्यांदा जाणारे तिथं फसतात.

मुलाचं अजून एक. प्रत्येक वेळी त्याला ओढून नेऊ नका. नववीतला मुलगा आहे, एखाद्या रविवारी नाही म्हणाला तर राहू दे घरी, चावी द्या आणि जा. पुढच्या वेळी एखादा मित्र घेऊन ये म्हणा. रस्ता दाखवायचं काम त्याचं, मॅप त्याच्या हातात, चुकला तर चुकू दे, कुणी बोलायचं नाही. मिस्टरांना हे जड जाईल.

नळदुर्ग राहिलंच तुमचं. ते आता नको, ऑगस्ट-सप्टेंबरला ठेवा. हैदराबाद रोडनं पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर, सरळ चांगला हायवे, पाऊण-एक तास. वरचं धरण भरून पाणी सुटलं की नर आणि मादी दोन्ही धबधबे सुरू होतात, ती बातमी सोलापूरच्या पेपरात येतेच, ती आली की दोन-तीन दिवसात जायचं, आणि रविवार शक्यतो टाळायचा कारण अर्धं सोलापूर तिथं असतं. बोरी नदीवरच बंधारा घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधलाय, इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात, १६१३ च्या सुमारास. दोन्ही बाजूनं पाणी कोसळत असताना आत उभं राहून बघायचं. कुणी चारशे वर्षांपूर्वी एवढा विचार केला असेल आणि आपण मे महिन्यात संध्याकाळी पोचून कोरडा बंधारा बघून आलो तर कसं आवडेल. चालणं बरंच आहे, सासूबाईंसाठी हे ठिकाण नाही, त्यांना त्या दिवशी घरी राहायचं असेल तर राहू द्या, त्यांनाही एक सकाळ शांत घर मिळू दे की.

आणि प्रत्येक वेळी मिस्टर पाहिजेतच असं कुठं आहे? त्यांना आठवड्यात एक सुट्टी. त्यातले दोन रविवार त्यांना झोपू द्या मनापासून. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, सासूबाई ७५ च्या वर म्हणजे त्यांचा प्रवास फुकट, फक्त आधारकार्ड बरोबर पाहिजे, मुलीचं पण अर्धं. सुनेनं, सासूनं आणि नातीनं स्टँडवरनं अक्कलकोटची गाडी धरायची आणि जेवायच्या वेळेला परत. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, विजापूर-गाणगापूरला जाताना हे लक्षात असू द्या. पुढची सीट मिळाली तर मुलीला पण बरं. नवऱ्याशिवाय बाहेर पडायची सवय नसेल तर पहिल्यांदा जरा कसंतरी वाटेल, दुसऱ्यांदा नाही वाटत.

बायकांची खरी अडचण कुणी लिहीत नाही ती म्हणजे टॉयलेट. निम्म्या बायका प्रवासात पाणीच पीत नाहीत आणि मग डोकं धरून बसतात, सासूबाईंची भोवळ पण मला त्यातलीच वाटते, उन्हाबरोबर. हायवेवरच्या पेट्रोल पंपावर टॉयलेट असतं, पेट्रोल भरलं नाही तरी वापरता येतं, किल्ली मागायची लाज वाटून घेऊ नका. गावाकडच्या ठिकाणी सोय असेलच असं धरून चालू नका, आधी हायवेवर थांबून मग आत वळा. साबणाचा कागद, टिश्यू, पाण्याची एक जादा बाटली पर्समध्ये.

रात्रीचं ड्रायव्हिंग मात्र या दिवसात नकोच. कारखाने सुरू झालेत, उसाच्या ट्रॉल्या रस्त्याला लागल्यात, दोन-दोन ट्रॉल्या एका ट्रॅक्टरला, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, पंढरपूर, मंगळवेढा, मोहोळ कुठंही जा, अंधारात त्या दिसतच नाहीत. परतायची वेळ आधी ठरवा म्हणते त्याचं हेही एक कारण.

सुरुवात म्हणून एवढ्या लांबही जायला नको. या रविवारी मिस्टरांना दुपारची झोप घेऊ द्या, साडेचारला उठवा आणि हिप्परग्याच्या तलावावर जा, तुळजापूर रोडला गावाबाहेर पडलं की आलंच. म्हणजेच एकरुख तलाव, दीडशे वर्षांपूर्वीचा, अजून काम करतोय. थंडीत पक्षी असतात. थर्मासमध्ये चहा, एक पुडा खारी, सात वाजता घरी. यात भांडायला वेळच मिळत नाही.

महाबळेश्वरचं म्हणाल तर ते वेगळं खातं आहे, त्याला दोन रात्री लागतात आणि मिस्टरांची सुट्टी मंजूर झाल्याशिवाय मुलांसमोर नावच काढू नका, कॅन्सल झाल्याचं दुःख ट्रिपपेक्षा मोठं होतं. महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकत राहा, जमेल तेव्हा जमेल, पण तोपर्यंत घरात बसून राहायचं नाही.

जानेवारीचं मात्र आत्ताच बघून ठेवा. संक्रांतीच्या आठवड्यात कुठंही बाहेर जायचा बेत करू नका, सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा असतो, नंदीध्वजांची मिरवणूक असते, पाहुणे येणारच, त्यांना घेऊन गड्डाच फिरा. हुरडा त्यानंतर, जानेवारीच्या शेवटच्या रविवारी. ओळखीच्या कुणाचं शेत असेल तर उत्तमच, सासूबाईंना खाटेवर बसवा, पोरं मातीत खेळतील, आणि आगटीपाशी कुणीतरी दुसरं बसून भाजून देतं, तुम्हाला नुसतं खायचं असतं, शेंगाची चटणी, गूळ, दही. शेत नसेल तर शहराबाहेर हुरडा पार्टीवाले आहेत, माणशी किती, लहान मुलांचं किती आणि सावलीत बसायची सोय आहे का हे तीन प्रश्न फोनवर विचारा आणि डिसेंबरमध्येच नाव नोंदवा, रविवार लवकर भरतात.